गाणाऱ्यांची नावं लिहा, आणि ती लिहून ठेवणाऱ्यांचीही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कोकणातल्या फुगड्या, शक्ती-तुरा (म्हणजे जाखडी, दोन गटांच्या सवाल-जवाबाची गाणी आणि नाच) आणि दशावताराचे व्हिडिओ आता कसे लाखांनी बघितले जातायत यावर पान भरून लेख आला होता, चांगला होता, आमच्या वाचनालयात तो अंक बऱ्याच जणांनी मागून घेऊन वाचला. पण अख्ख्या लेखात चॅनलची नावं होती, व्ह्यूजचे आकडे होते, ड्रोनने शूटिंग करणाऱ्या मुलाचा फोटो होता, आणि गाणाऱ्या बायकांपैकी एकीचंही नाव नव्हतं. फोटोखाली 'फुगडी सादर करताना कोकणी महिला' एवढंच. लेख लिहिणाऱ्याला मी दोष देत नाहीये कारण ज्या व्हिडिओवरून त्यांनी लिहिलं त्या व्हिडिओतच नावं नाहीत, खरं दुखणं तिथे आहे आणि त्याबद्दलच हे पत्र आहे. जरा लांबेल, पण जमलं तर पूर्ण छापा.

मी सिंधुदुर्गातल्या एका छोट्या वाचनालयात काम करतो. दुपारी कोणी नसतं तेव्हा कॉम्प्युटरवर मी एक साइट ऐकत असतो, ग्लोबल ज्यूकबॉक्स नावाची. जगाचा नकाशा येतो, त्यावर ठिपके असतात, ठिपका दाबला की तिथल्या माणसांचं गाणं वाजायला लागतं. सायबेरियातलं, आफ्रिकेतल्या जंगलातलं, कुठल्यातरी बेटावरच्या कोळ्यांचं. जवळपास सहा हजार गाणी आहेत, हजारेक समाजांची, आणि सगळं फुकट. २०१७ साली ती सगळ्यांसाठी खुली झाली. गाणी तर आवडलीच, पण मला जास्त धरून ठेवलं ते त्या गाण्यांच्या मागच्या माणसांनी, म्हणजे कोणी रेकॉर्ड केलं, कोणी यादी केली, कोणी ऐकून ऐकून खुणा केल्या, कोणी पन्नास वर्षांनी ते सगळं टेपवरून उचलून कॉम्प्युटरवर आणलं.

मूळ माणूस अ‍ॅलन लोमॅक्स, अमेरिकेतला. १९३३ मध्ये पोरसवदा असताना वडिलांबरोबर गाडीत शंभर किलोंहून जड रेकॉर्डिंगचं यंत्र टाकून निघाला, तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी, आणि तुरुंगात, शेतमळ्यांवर जाऊन गरीब माणसांची गाणी तबकड्यांवर उतरवून घेतली. पुढे १९५० नंतर काही वर्षं युरोपात राहिला, आयर्लंडमध्ये त्याच्याबरोबर शेमस एनिस होता, इटलीत दिएगो कार्पितेल्ला होता, ही त्या त्या देशातली माणसं, यांच्याशिवाय त्या परक्या माणसाला गावात कोणी दार उघडलं नसतं. ही नावं मी मुद्दाम लिहितोय. आपल्याकडेही बाहेरून कोणी शूटिंगला आला की त्याला घराघरात नेणारा, म्हाताऱ्यांना गायला राजी करणारा कोणीतरी वाडीतलाच असतो आणि त्याचं नाव कधीच कुठे लागत नाही.

१९६० नंतर लोमॅक्सने व्हिक्टर ग्राउअर नावाच्या संगीतकाराबरोबर एक पद्धत बसवली, कँटोमेट्रिक्स. म्हणजे काय तर गाणं ऐकायचं आणि ३७ गोष्टींची नोंद करायची. एकटा गातोय की समूह, समूह असेल तर सगळ्यांचे आवाज एकजीव होतात की वेगवेगळे ऐकू येतात, एक म्हणतो आणि बाकीचे झेलतात असं आहे का, आवाज दाबून काढलाय की मोकळा, शब्द किती आणि नुसते आलाप-हुंकार किती, तीच ओळ किती वेळा येते, ताना-मुरक्या किती. माणसं कानाला हेडफोन लावून वर्षानुवर्षं हे करत बसली. तुम्ही आपल्या जाखडीचा एक बार ऐका आणि या ३७ पैकी नुसत्या दहा गोष्टी लिहून बघा, किती लक्ष देऊन ऐकावं लागतं ते कळेल. बुवा म्हणतो, मागचे झेलतात, मृदंग कुठे लय वाढवतो, पायातल्या चाळाचा आवाज कुठे गाण्याला खाऊन टाकतो, हे सगळं आपण रात्रभर बघत असतो पण असं ऐकलेलं नसतं.

सगळी गाणी एका यंत्रात घालून कोणालाही कोणाचंही ऐकता यावं ही लोमॅक्सची कल्पना जुनी होती. १९९० च्या आसपास कॉम्प्युटरवर त्याने तसा नमुना बनवायला घेतला, पण मग पक्षाघात झाला आणि काम तिथेच राहिलं, २००२ मध्ये तो गेला. ते पुढे नेलं त्याच्या मुलीने, अ‍ॅना लोमॅक्स वुड. ती स्वतः मानववंशशास्त्रज्ञ आहे. बापाने १९८३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये काढलेली संस्था तिने चालवली, जुन्या नोंदी तपासून घेतल्या, प्रोग्रामर बसवले, संशोधक जोडले, आणि २०२२ मध्ये या सगळ्या डेटाबेसवर एक शोधनिबंध आला त्यावर तिच्यासकट भलीमोठी नावांची यादी आहे. कोण संगीतवाला, कोण आकडेवारीवाला, कोण कॉम्प्युटरवाला. ती यादी मी वाचली तेव्हा बरं वाटलं, कारण इतकं मोठं काम एकाच्या नावावर खपवलेलं नाही.

आता टीका पण झालेली आहे आणि ती सांगायला हवी. एका समाजाची साधारण दहा गाणी घ्यायची आणि त्यावरून त्या समाजाचं गाणं असं असतं म्हणायचं, हे बऱ्याच अभ्यासकांना पटलं नाही. मलाही पटत नाही. सिंधुदुर्गातून दहा गाणी निवडायची म्हटली तर बायकांचे रात्री मांडावर होणारे धालो घेणार की फुगडी, धनगरांचं गजानृत्य घेणार की शिमग्यातलं रोंबाट, गणपतीतली घुमटावरची आरती घेणार की दशावताराची पदं, दहात काय बसणार? शिवाय लोमॅक्स बापलेकांनी काही लोकगीतांच्या कॉपीराइटमध्ये स्वतःची नावंही घातली होती, त्यावरून लोक अजून नाराज आहेत, आणि ते नाराज आहेत हे बरोबरच आहे.

पण त्याच लोमॅक्सच्या पेटीतून एक गोष्ट निघाली जी मला तुमच्या प्रत्येक वाचकाला सांगावीशी वाटते. १९५९ मध्ये त्याने मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगात कैद्यांचं गाणं रेकॉर्ड केलं, लाकडं फोडता फोडता कुऱ्हाडीच्या घावावर म्हटलेलं. पुढे म्हणणाऱ्याचं नाव जेम्स कार्टर. ते नाव नोंदीत लिहिलेलं होतं, एवढंच. ४१ वर्षांनी, २००० साली, ते रेकॉर्डिंग एका हॉलिवूडच्या सिनेमात घेतलं, सिनेमाच्या गाण्यांचा अल्बम तुफान खपला, त्याला २००२ मध्ये ग्रॅमीचा सगळ्यात मोठा पुरस्कार मिळाला. आता गाणाऱ्याचे पैसे द्यायचे कोणाला? बऱ्याच ठिकाणी 'पारंपरिक' लिहून विषय संपवला असता. लोमॅक्सच्या संस्थेतली माणसं आणि एक पत्रकार मिळून जेम्स कार्टरला शोधायला लागले. तुरुंगाचे जुने कागद, सरकारी नोंदी, घरांच्या मालकीचे कागद असं काय काय चाळलं. आणि माणूस सापडला, जिवंत, शिकागोत, ७६ वर्षांचा, बायको एका छोट्या चर्चमध्ये धर्मोपदेशक. त्याला तर ते गाणं म्हटल्याचं आठवतही नव्हतं. लोमॅक्सची मुलगी स्वतः घरी गेली आणि २० हजार डॉलरचा चेक हातात दिला. मग तो ग्रॅमीच्या सोहळ्यालाही जाऊन आला. पुढच्याच वर्षी वारला.

विचार करा साहेब, तुरुंगात लाकडं फोडणारा एक काळा कैदी, त्याचं नाव त्या दिवशी कोणी लिहून घेतलं नसतं तर? सगळी गोष्ट त्या एका ओळीवर उभी आहे.

आणि नाव असूनही ते पुढे नेलं नाही तर काय होतं तेही घडलेलं आहे. पॅसिफिक महासागरात सॉलोमन बेटं आहेत, तिथल्या मलाइता बेटावर १९७० च्या आसपास ह्यूगो झेम्प नावाच्या संशोधकाने अफुनाक्वा नावाच्या बाईची अंगाई रेकॉर्ड केली. नाव, जमात, बेट सगळं त्याने नीट लिहिलं. १९९२ मध्ये एका युरोपियन बँडने तो आवाज उचलून नाचायच्या गाण्यात घातला, अल्बम लाखोंनी खपला, अफुनाक्वाला काही नाही. त्याच्या पुढचं ऐका, चारेक वर्षांनी दुसऱ्या एका नामांकित वादकाने तीच चाल आफ्रिकेतल्या पिग्मींची अंगाई म्हणून वाजवली. कुठे पॅसिफिक आणि कुठे आफ्रिका. मधल्या कोणीतरी नाव गाळलं की गाणं असं वाहत जातं, मग ते कोणाचंही होतं. झेम्पने याच्यावर जाहीर लेख लिहून भांडण केलं, ते मला फार मोलाचं वाटतं, कारण रेकॉर्ड करणाऱ्याची जबाबदारी बटण बंद केल्यावर संपत नाही हे त्याने दाखवलं.

परदेशाचीच उदाहरणं कशाला, असं कोणी म्हणेल. तर आपल्या घाटमाथ्यावरचं उदाहरण या सगळ्यांपेक्षा सरस आहे. जात्यावरच्या ओव्या. १९८० नंतरच्या दशकात पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवां यांनी हे काम सुरू केलं, मुळशी-मावळच्या डोंगरातल्या बायकांमध्ये संघटनेचं काम करता करता. गावातल्याच कार्यकर्त्यांनी वह्यांमध्ये ओव्या उतरवून घेतल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून जास्त गावांतून. मग बर्नार्ड बेल आले, ते संगीतातलेही आणि कॉम्प्युटरमधलेही, त्यांनी डेटाबेस रचला आणि शंभर तासांहून जास्त रेकॉर्डिंग झालं. प्वातवां २००४ मध्ये गेले, हेमाताईही गेल्या. आणि हे सगळं २०१७ पासून ऑनलाइन यायला लागलं, पत्रकार पी. साईनाथांच्या पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या साइटवर, नमिता वाईकर यांच्या पुढाकाराने. त्यात जितेंद्र मैड आहेत, ते या कामाबरोबर आधीपासून होते, आशा ओगले आहेत, रजनी खळदकर आहेत ज्यांनी ओव्या टाइप करायचं काम केलं. टाइप करणाऱ्याचं नाव! आपल्याकडच्या कुठल्या व्हिडिओखाली असं बघितलंय कोणी?

त्या साइटवर ओवीच्या खाली काय असतं बघा. गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, काम काय करते, मुलं किती, कुठल्या तारखेला रेकॉर्ड केलं, आणि फोटो. वाचताना असं वाटतं की बाई आपल्यासमोर बसलीये आणि तिची ओळख करून दिलीये. यातली काही टीम जुन्या गावांत परत गेली, वीस वर्षांनी, त्या बायकांना किंवा त्यांच्या मुलींना भेटली, त्यांचाच आवाज त्यांना ऐकवला. रेकॉर्डिंगची प्रत गुरुग्रामच्या एआरसीई या संग्रहात ठेवलेली आहे. १९८२ मध्ये सुरू झालेला हा संग्रह देशभरातली अशी रेकॉर्डिंग सांभाळून ठेवतो. राजस्थानात कोमल कोठारींनी १९६० पासून हेच केलं म्हणून तर लंगा आणि मांगणियार गायक आज नावानिशी जगभर जातात.

मग आपल्या किनाऱ्यावर काय आहे? कला तर कमी नाही. नाव घेण्यासारखा सन्मानही मिळालाय, पिंगुळीच्या चित्रकथीसाठी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायच्या कलेसाठी, परशुराम गंगावणेंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी घरच्या पोथ्या आणि बाहुल्या वर्षानुवर्षं सांभाळल्या म्हणून. पण असं एखादंच. बाकी गणपतीत, शिमग्यात, जत्रेत हजारो मोबाइल वर असतात, पहाटेपर्यंत शूटिंग चालू असतं, दुसऱ्या दिवशी अपलोड. नाव काय तर 'कोकणची पारंपरिक फुगडी', 'एक नंबर जाखडी', 'आजीबाईंचा भन्नाट आवाज'. गाव सुद्धा नसतं कधीकधी. आमच्या वाडीतल्या एका काकींनी धालोतलं गाणं म्हटलेलं कोणीतरी उचललं, खाली बीट टाकले, आणि आता ते रीलमध्ये वाजतं, लग्नाच्या, समुद्राच्या, माशांच्या थाळीच्या. काकींना कोणी विचारलं नाही. त्यांना ते नातीने दाखवलं तेव्हा कळलं.

मी त्यांना म्हटलं काकी, तुमचं नाव लावायला सांगूया. तर त्या म्हणाल्या, "माझा नाव कित्याक व्हया? गाणा सगळ्यांचा आसा. मिया आवशीकडसून शिकलंय, ती तिच्या आवशीकडसून." हे खूप जण म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही, गाणं सगळ्यांचंच आहे. पण तो आवाज काकींचा आहे, ती ओळ कुठे ओढायची आणि कुठे सोडायची हे त्यांनी स्वतः आयुष्यभर म्हणून ठरवलेलं आहे. आणि त्या बोलता बोलता जे सांगून गेल्या ना, आवशीकडून शिकले, तीच तर सगळ्यात महत्त्वाची नोंद आहे! काकींची आई कुठल्या गावची, तर पेडण्याच्या बाजूची, म्हणजे गोव्यातली. म्हणजे ते गाणं लग्नाबरोबर तेरेखोलची खाडी ओलांडून आलं. आता आपण नोंद करणार काय, तर काकींचं सासरचं नाव, सासरचं गाव, फार तर तालुका. आणि गाणं माहेरचं, नाहीतर आजोळचं. बायकांच्या गाण्यांची नोंद करताना माहेरचं नाव आणि माहेरचं गाव लिहिलं नाही तर अर्धा नकाशा पुसलाच म्हणून समजा. दोन्ही नावं लिहा, दोन्ही गावं लिहा, आणि कोणाकडून शिकली तेही लिहा. माझ्या मते आपल्या भागात यापेक्षा मोठं काम दुसरं नाही आणि त्याला ना ड्रोन लागतो ना अनुदान, नुसतं बसून विचारावं लागतं.

दशावताराचं वेगळं आहे. तिथे संहिताच लिहिलेली नसते, कथा ठरते, पात्रं ठरतात आणि बाकी सगळं मंचावर सुचेल तसं. आडदशावतारातला, म्हणजे मूळ कथेआधीच्या भागातला, संकासूर काय बोलेल ते त्या रात्रीचं. त्यामुळे एका रात्रीचं रेकॉर्डिंग म्हणजे एक वेगळं नाटक असतं आणि त्यावर तारीख, गाव, कुठली कंपनी, कोण कुठल्या भूमिकेत, आणि महत्त्वाचं म्हणजे पायपेटीवर कोण, मृदंगावर कोण, झांज कोणाकडे, हे लिहिलेलं असलंच पाहिजे. राजा आणि राक्षसाचं नाव लोकांना माहीत असतं, पेटीवाल्याचं नाव विचारलं तर मंडळी एकमेकांकडे बघतात, आणि खरं तर सगळी रात्र तोच ओढून नेत असतो. शक्ती-तुऱ्याच्या शाहिरांकडे वह्या असतात, गुरूच्या गुरूपासूनच्या, त्यात पदाच्या शेवटी शाहिराचं नाव गुंफलेलं असतं. म्हणजे नाव लावायची रीत आपल्याकडे होतीच, मोबाइलच्या काळात आपण ती सोडली.

कॅसेटबद्दल लिहायलाच हवं, कारण वेळ फार थोडा आहे. १९८०-९० च्या दशकात मुंबईवरून किंवा आखातातून टेपरेकॉर्डर घेऊन आलेल्या चाकरमान्यांनी गावच्या नमनाच्या, भजनाच्या, जत्रेच्या कॅसेट भरून ठेवल्या. त्या अजून माळ्यावर आहेत. आपल्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, टेपच्या कडेला पांढरं दिसतं ते. अशी कॅसेट उत्साहात लगेच वाजवू नका, ती बुरशी मशीनच्या हेडला लागते, टेप ओरखडते आणि पुढची कॅसेटही खराब होते. आधी कोरड्या जागेत ठेवा, जाणकाराकडून साफ करून घ्या, मग एकदाच नीट वाजवून कॉम्प्युटरवर घ्या. एमपीथ्री करू नका, ती फाइल लहान व्हावी म्हणून आवाजातला बराच भाग टाकून देते. वेव्ह फाइल करा, जगभरचे ध्वनिसंग्रह निदान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला करतात. दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा आणि दोन वेगळ्या घरात ठेवा. आणि कव्हरवर बॉलपेनने जे काही खरडलेलं असेल, 'नमन, शिमगा, ८७' एवढं जरी असलं, त्याचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. कॅसेट ज्याने भरली तो माणूस आज साठीत-सत्तरीत आहे, त्याला बसवून कॅसेट ऐकवा, तो आवाज ओळखेल, हा अमक्याचा बाबा, ही तमक्याची आत्या. आणखी दहा वर्षांनी ते ओळखणारं कोणी नसेल.

कायद्याचं पण सांगतो, बऱ्याच जणांना माहीत नसतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचे हक्क आहेत, गाणारा-वाजवणारा त्यात येतो, आणि हा हक्क ५० वर्षं राहतो. २०१२ च्या दुरुस्तीत कलम ३८-बी आलं, त्यानुसार आपल्या सादरीकरणाला आपलं नाव लागावं असा दावा गाणारा करू शकतो, काही अपवाद सोडले तर. गाणं जुनं आहे, पारंपरिक आहे, म्हणून गाणाऱ्याचा हक्क जात नाही. काकींसारख्या बाई कोर्टात जाणार नाहीत हे मलाही माहीत आहे. पण मंडळाच्या सेक्रेटरीने, शाळेतल्या गुरुजींनी, चॅनल चालवणाऱ्या मुलांनी हे वाचलेलं असावं.

परवानगीचा मुद्दा राहिलाच. सगळंच ऑनलाइन टाकायचं नसतं. काही गावांत धालोच्या मांडावर, म्हणजे धालो खेळायच्या जागेवर, पुरुष जात नाहीत, देवळातलं गाऱ्हाणं घालतानाचे शब्द, अवसराच्या, म्हणजे अंगात येण्याच्या, वेळची वाजपं, यांना त्यांची जागा आणि वेळ असते. विचारायचं, आणि नको म्हटलं तर कॅमेरा बंद. नोंद वहीत ठेवा, घरच्यांसाठी ठेवा, जगाला दाखवलीच पाहिजे असं काही नाही. चांगल्या संग्रहांमध्ये अशी कुलूपबंद रेकॉर्डिंग असतात आणि ती कधी उघडायची ते त्या समाजाने ठरवायचं असतं.

आणि व्हिडिओ करणाऱ्या मुलांवर माझा राग नाही हेही लिहितो. रात्र रात्र जागतात, स्वतःच्या पैशाने पेट्रोल घालून सावंतवाडीपासून संगमेश्वरपर्यंत फिरतात, त्यांच्यामुळेच तर मुंबईत, पुण्यात, दुबईत बसलेल्या आपल्या माणसांना गावचं गाणं ऐकायला मिळतं. त्यांनी फक्त आणखी दहा मिनिटं द्यावीत, कार्यक्रम संपल्यावर, सगळ्यांची नावं फोनवर बोलून रेकॉर्ड करून घ्यावीत, गाणाऱ्यांच्याच तोंडून. आणि स्वतःचंही नाव, तारीख, कुठला माइक वापरला ते लिहावं. पुढे कधी कोणी कोकणचा असा नकाशा केला, ठिपका दाबला की गाणं वाजेल असा, तर त्यात जाईल ते या मुलांनीच गोळा केलेलं जाईल. व्हिडिओतून पैसे मिळत असतील तर त्यातले थोडे गाणाऱ्यांच्या मंडळाला द्यावेत, जेम्स कार्टरला ४३ वर्षांनी मिळाले, आपल्याकडे माणूस समोर आहे तोवर देता येतात.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. पहिली, तुमच्या तालुका प्रतिनिधींना सांगा की लोककलेच्या फोटोखाली निदान तीन नावं आणि वाडीसकट गावाचं नाव आल्याशिवाय बातमी पाठवू नका. क्रिकेटच्या टुर्नामेंटच्या बातमीत तुम्ही बाराव्या खेळाडूचं पण नाव छापता, मृदंगवाल्यालाही तेवढी जागा मिळू दे. दुसरी, आठवड्यातून एकदा एक छोटा चौकोन द्या. त्यात एका गाणाऱ्याचं नाव, माहेर-सासर, कोणाकडून शिकली किंवा शिकला, गाण्याची पहिली ओळ, आणि माहिती कोणी लिहून पाठवली त्याचं नाव. लेख नको, कौतुक नको, एवढी माहिती पुरे. पहिले काही आमच्या तालुक्यातून मी पाठवतो, काकींची परवानगी घेतलेली आहे, त्यांनी आईचं नाव पहिलं छापा म्हणून सांगितलंय.

माहिती भरायचा कोरा नमुना मी तयार केलाय, अर्ध्या पानाचा आहे, सोबत जोडलाय. मोबाइल नंबर, पत्ता असलं काही त्यात मुद्दाम ठेवलेलं नाही. तो श्रावण संपायच्या आत छापलात तर गौरी-गणपतीला चाकरमानी यायच्या आधी गावागावांतल्या मंडळांना कापून ठेवता येईल, आणि ज्यांच्याकडे माळ्यावर कॅसेट आहेत त्यांनी त्या येताना आपल्या जवळच्या वाचनालयात दाखवाव्यात असंही खाली एका ओळीत छापा. आमच्या वाचनालयात जुना टेपडेक चालू स्थितीत आहे, दुपारी दोन ते पाच मी असतो.

आपला,
एक ग्रंथालय कर्मचारी,
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग